शिष्याचा प्रश्न आणि उघडे दार : मराठी ख्रिस्ती साहित्यातील प्रार्थनेचे शिक्षण

१

प्रार्थना शिकवता येते काय, हा प्रश्न वरवर पाहता धर्मशास्त्राचा आहे. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र तो टाळता येत नाही. कारण प्रार्थना शिकवायची म्हणजे प्रथम शब्द द्यावे लागतात. ते शब्द कोणत्या भाषेतले, कोणत्या छंदातले, कोणी कोणाला उद्देशून उच्चारायचे हे ठरवावे लागते. ख्रिस्ती परंपरेत साधकाच्या जडणघडणीसाठी जे नित्यनेम सांगितले आहेत — ठरलेल्या वेळी प्रार्थना, शास्त्रवाचन, मौन, आत्मपरीक्षण, उपवास, दुःखितांची सेवा — त्यांपैकी बहुतेक नेम वाणीशी बांधलेले आहेत. म्हणून शिष्याच्या आत्मिक वाढीचा इतिहास हा काही अंशी त्याला मिळालेल्या भाषेचाही इतिहास ठरतो.

या शिक्षणात मुळातच एक ताण आहे. शब्द गुरूचे असतात, पण प्रार्थना शिष्याचीच असावी लागते. पाठ केलेले वाक्य पाठच राहिले तर ते केवळ घोकंपट्टी होते; आणि शिष्याला काहीच दिले नाही तर तो मुका राहतो. त्यात गुरू आणि शिष्य हे समान पातळीवर उभे नसतात. अन्न, निवारा, विद्या आणि प्रतिष्ठा यांपैकी काही ना काही गुरूच्या हाती असते. भारतासारख्या देशात, जेथे उपासना बदलणे म्हणजे घर, जात आणि गोतावळा बदलणे ठरे, तेथे हा ताण अधिकच तीव्र होतो. वाढ कोठे संपते आणि दडपण कोठे सुरू होते, ही सीमारेषा धर्मप्रसारक आणि त्यांचे टीकाकार या दोघांनीही आपापल्या सोयीने आखलेली दिसते.

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार या अंगाने फारसा झालेला नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ भाषेच्या इतिहासासाठी वाचले जाते. पंडिता रमाबाईंचे लेखन स्त्रीसुधारणेच्या संदर्भात अभ्यासले जाते. नारायण वामन टिळक कवी म्हणून आणि लक्ष्मीबाई टिळक आत्मचरित्रकार म्हणून ओळखल्या जातात. ही विभागणी सोयीची असली तरी या सर्वांना जोडणारा एक धागा तिच्यामुळे दृष्टीआड होतो. हे सर्वजण कोणाला तरी प्रार्थना शिकवीत होते, आणि त्यांतील काहीजण त्याआधी स्वतः कोणाकडून तरी ती शिकत होते. प्रस्तुत लेखात हा धागा हाती घेऊन एकच गोष्ट तपासायची आहे : या ग्रंथांनी आणि त्यांमागच्या व्यवहारांनी शिष्याच्या प्रश्नाला किती जागा ठेवली?

२

स्टीफन्स इंग्लंडमधील विल्टशायरचे. १५७५ मध्ये ते रोम येथे जेझुइट संघात दाखल झाले आणि १५७९ मध्ये गोव्यास पोचले. तेथून १६१९ मधील मृत्यूपर्यंतचे त्यांचे आयुष्य मुख्यतः साष्टीत गेले. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पहिल्या पुराणाचे छत्तीस आणि दुसऱ्याचे एकोणसाठ अवस्वर मिळून सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा विस्तार आहे.

जेझुइटांच्या घडणीचा गाभा म्हणजे इग्नेशियस लोयोला यांनी सांगितलेली आणि १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळालेली आध्यात्मिक साधना. तिच्यातील ध्यानपद्धतीत साधकाने शुभवर्तमानातील प्रसंग डोळ्यांपुढे उभा करायचा असतो. जागा कशी आहे, कोण कोठे उभे आहे, काय ऐकू येते, हे सारे इंद्रियांच्या साहाय्याने अनुभवून मग देवाशी बोलायचे असते. या शिस्तीत घडलेल्या माणसाने आपल्या शिष्यांसाठी ध्यानाचे नियम न लिहिता कथा लिहावी, ही गोष्ट लक्षणीय आहे. ‘क्रिस्तपुराणा’तील दीर्घ वर्णने, विशेषतः जन्माचे आणि वधस्तंभाचे प्रसंग, केवळ माहितीसाठी नाहीत. श्रोत्याने त्या प्रसंगात उभे राहावे अशी त्यांची रचना आहे. जेझुइट विद्यार्थ्याला एकांतात जे करावे लागे ते साष्टीच्या श्रोत्याला समुदायात, ओवीच्या लयीत करता यावे, अशी ही योजना आहे असे म्हणता येईल. साधनेची पद्धत येथे काव्यप्रकारात उतरली आहे.

परंतु त्याहून महत्त्वाची आहे ती ग्रंथाची चौकट. स्टीफन्स यांनी ‘दौत्रिना क्रिस्तां’ हे कोकणी भाषेतील पुस्तकही लिहिले; ते त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापले गेले. मुलांना शिकवण्यासाठी संवादरूपाने रचलेले असे त्याचे स्वरूप त्याच्या शीर्षकातच सांगितले आहे. युरोपात रूढ असलेल्या अशा धर्मप्रश्नोत्तरीत विचारणारा सामान्यतः गुरू असतो आणि शिष्य ठरलेले उत्तर देतो. प्रश्न विचारण्याचा अधिकार ज्याच्याकडे ज्ञान आहे त्याच्याकडेच राहतो. ‘क्रिस्तपुराणा’त ही दिशा उलटते. तेथे धर्मोपदेशाच्या प्रसंगी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही आम्हांला वर्ज्य केली, तर त्यांच्या जागी तसे काही का देत नाही? सारा ग्रंथ हे या मागणीचे उत्तर आहे. पुढेही श्रोते मध्येच शंका काढतात आणि पाद्री त्यांचे निरसन करतो. पुराणश्रवणाची ही रीत मराठी श्रोत्याच्या अंगवळणी पडलेली होती. स्टीफन्स यांनी ती स्वीकारली तेव्हा छंदाबरोबर श्रोत्याचा प्रश्न विचारण्याचा हक्कही ग्रंथात आला.

येथे भाबडेपणा उपयोगाचा नाही. त्या ब्राह्मणाच्या मुखातील मागणीमागे एक मोठी हानी आहे. साष्टीतील देवळे १५६७ च्या सुमारास उद्ध्वस्त झाली होती. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचा अंमल होता. ज्याची पुराणे काढून घेतली गेली तो पुराण मागतो आहे. या मागणीला काव्यातील कल्पना म्हणून सोडून देता येत नाही आणि मोकळ्या मनाची जिज्ञासा म्हणून तिचा गौरवही करता येत नाही. ग्रंथातील शंका शेवटी शमतात. न शमणारी शंका त्या काळी छापलीच गेली नसती. तरीही एक गोष्ट उरते. स्टीफन्स यांनी ती हानी ग्रंथाच्या आरंभीच नोंदवून ठेवली. शिष्याजवळ पूर्वी काहीच नव्हते असे त्यांनी दाखवले नाही. ज्याच्याजवळ काही होते त्याला तितक्याच तोलाचे काही द्यावे लागते, ही जाणीव त्यांच्या वैकुंठ, परमेश्वर, पुराण अशा शब्दांच्या निःसंकोच स्वीकारात दिसते. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या जागी पोर्तुगीज आणण्याचा हुकूम काढला. त्यानंतरही हे पुराण हस्तलिखित प्रतींतून टिकले आणि १९०७ मध्ये मंगळूर येथे पुन्हा छापले गेले. याचे श्रेय त्याच्या सिद्धांतापेक्षा, ऐकणाऱ्याला ते आपले वाटले या गोष्टीला द्यावे लागेल.

३

पुराण हा शब्द पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात वेगळ्या मार्गाने येतो. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण आईवडिलांसोबत तीर्थयात्रेत गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगून कुटुंबाचा चरितार्थ चालवीत आणि आईकडून संस्कृत शिकलेल्या रमाबाईही पुराणिक झाल्या. १९०७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी या दिवसांचे वर्णन केले आहे. उपवास, तीर्थस्नाने, मूर्तींपुढील जप हे नेम त्या घराने पराकाष्ठेने पाळले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील दगावले. या वर्णनात एक तपशील अभ्यासकाने विसरू नये. पुराणिक संस्कृत वाचीत, त्याचा अर्थ सांगितला जात नसे, आणि श्रोत्यांना न समजताही श्रवणाचे पुण्य लाभते असे मानले जाई. अर्थाशिवाय उच्चारलेल्या वाणीबद्दलचा हा असंतोष रमाबाईंच्या पुढील साऱ्या कार्यात काम करताना दिसतो.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथील अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयाने त्या राहिल्या आणि पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकल्या. म्हणजे वयाच्या पंचविशीत त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. शिकायचे होते ते इंग्रजी आणि विज्ञान, तसेच प्रार्थना आणि आज्ञापालनही. या काळातील त्यांचा इंग्रजी पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. विद्यार्थ्याची आत्मिक घडण विद्यार्थ्याच्या बाजूने कशी दिसते हे सांगणारा इतका स्पष्ट दस्तऐवज भारतीय ख्रिस्ती वाङ्मयात क्वचितच सापडेल.

सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. या एका संबोधनात दोघींच्या नात्याची ऊब आणि मर्यादा दोन्ही आहेत. आजीचा शब्द मानायचा असतो. पण आजीशी वाद घालण्याची मुभाही घरात नातवंडालाच असते. रमाबाईंनी ती मुभा पुरेपूर वापरली. त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचे देवत्व, पंथाचे मतपत्र या सर्वांवर त्यांनी प्रश्न केले. एका जोखडातून सुटून दुसरे मानेवर घेण्याची आपली इच्छा नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. कन्या मनोरमा हिला कोणती उपासना शिकवली जावी, हाही वादाचा विषय झाला. क्रूसावरील लॅटिन लेखाबद्दल त्यांनी विचारले की ही भाषा माझ्या देशभगिनींना कळत नाही, मग तिच्यात आमच्या संस्कृतापेक्षा अधिक पावित्र्य ते कोणते? न समजणाऱ्या पुराणश्रवणाबद्दलचा जुनाच असंतोष येथे नव्या ठिकाणी प्रकट झाला आहे. लॅटिनच्या जागी त्यांनी संस्कृत सुचवावी, यातून त्या स्वतः त्या वेळी कोणत्या वळणावर होत्या हेही कळते. संस्कृतही त्यांच्या बहुसंख्य भगिनींना कळत नव्हतीच.

सिस्टर जेराल्डिन यांना या सर्वांत अहंकार दिसला. ती भावना समजण्यासारखी आहे. शिष्य वाढत आहे की निसटत आहे हे गुरूला त्या क्षणी कळत नाही. पण पत्रांचा संग्रह आज वाचताना जाणवते की रमाबाईंचे प्रश्न प्रार्थना सोडण्यासाठी नसून ती स्वतःची करून घेण्यासाठी होते. पुढे साक्षीत त्यांनी मान्य केले की ख्रिस्ती धर्म स्वीकारणे आणि ख्रिस्ताशी नाते जडणे या दोन घटना त्यांच्या बाबतीत एका दिवशी घडल्या नाहीत. दोहोंमध्ये काही वर्षे गेली. बाप्तिस्मा ज्यांनी दिला त्यांना हे मधले अंतर मोजता आले नव्हते.

४

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि भूमिका बदलल्या. आता रमाबाई गुरू होत्या. सदन पुढल्याच वर्षी पुण्यास हलले. विधवांना शिक्षण द्यावे, धर्मशिक्षण देऊ नये, प्रत्येकीने आपापले आचार पाळावेत, या अटीवर न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनी संस्थेला पाठिंबा दिला होता. रमाबाई वर्गात धर्म शिकवीत नसत. परंतु त्या रोज आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि त्या वेळी खोलीचे दार उघडे ठेवीत. काही मुली आत येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीका केली, पालकांनी मुली काढून घेतल्या आणि १८९३ मध्ये सल्लागार मंडळ संस्थेपासून दूर झाले.

हे उघडे दार आपल्या विषयाचा मध्यवर्ती प्रसंग आहे, कारण त्याबद्दलचे दोन्ही युक्तिवाद प्रामाणिक होते. रमाबाईंचे म्हणणे असे की मुलींना त्यांच्या प्रार्थनेपासून मी अडवीत नाही, मग माझी प्रार्थना मी चोरून का करावी? ज्या घरात मी आईच्या जागी आहे तेथे दार लावून घेणे म्हणजे खोटे जगणे होय. विरोधकांचे म्हणणे असे की जिने अन्न, विद्या आणि माया दिली तिचे उघडे दार हे इतरांच्या उपदेशाहून अधिक परिणामकारक असते. निराधार मुलीच्या दृष्टीने ते निमंत्रणच आहे. आजचा वाचक यांपैकी एक बाजू घेऊन मोकळा होऊ शकत नाही. उदाहरणाने दिलेले शिक्षण हे शिक्षणच आहे, आणि ते सर्वांत खोल जाते, हे विरोधकांनी ओळखले होते. रमाबाईंनीही ते ओळखले असणार. म्हणूनच दार लावण्यास त्यांनी नकार दिला.

तरी उघड्या दाराची एक परीक्षा आहे. त्यातून आत जाता येते तसेच आत न जाताही राहता येते काय? सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्या तेथे शिकल्या, ख्रिस्ती झाल्या नाहीत, आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झाल्या. त्यांच्या आत्मकथनाचे नाव ‘माझे पुराण’. साष्टीचा श्रोता पाद्रीकडे पुराण मागतो आणि सदनाची विद्यार्थिनी स्वतःच आपले पुराण सांगते, हा केवळ योगायोग असेल. पण शिष्याला वाणी मिळाल्याचा पुरावा म्हणून तो मनात राहतो. निदान एका विद्यार्थिनीच्या बाबतीत तरी दार दोन्ही बाजूंनी उघडे होते, असे गोदूबाईंच्या आयुष्यावरून म्हणता येते.

५

पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील मुक्ती सदनात परिस्थिती पालटली. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या. १९०० च्या दुष्काळाने त्यांत गुजरातच्या मुलींची भर पडली. येथे सुधारकांशी करार नव्हता. मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. दिवस प्रार्थनेने सुरू होई. शाळा, शेत, माग, छापखाना यांतील श्रम हाही त्या शिस्तीचाच भाग होता. जिच्यामागे परत जाण्याजोगे घरच उरले नव्हते अशा मुलीपुढे आत न जाण्याचा पर्याय किती खरा होता, हा प्रश्न शारदा सदनापेक्षा येथे कठीण होतो. रमाबाईंच्या करुणेबद्दल आदर बाळगूनही तो विचारला पाहिजे.

१९०५ मध्ये मुक्तीत जे धार्मिक जागरण झाले त्याने या प्रश्नाला अनपेक्षित वळण दिले. प्रार्थनेसाठी जमलेल्या मुली एकाच वेळी, मोठ्याने, आपापल्या शब्दांत प्रार्थना करू लागल्या. रडू लागल्या, पापांची कबुली देऊ लागल्या. संयत उपासनेची सवय असलेल्या अनेक पाश्चात्त्य मिशनऱ्यांना हा गोंधळ वाटला. रमाबाईंनी मुलींचा पक्ष घेतला. हिंदुस्थानातील माणसांनी आपल्या स्वभावानुसार देवाला हाक मारावी, परदेशी शिष्टाचाराच्या मापाने ती मोजू नये, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. क्रूसावरील लॅटिनला हरकत घेणारी विद्यार्थिनी आता गुरूच्या आसनावरून बोलत होती. ज्या मुलींना नेम शिकवले त्यांनी ते नेम मोडून स्वतःचा आवाज काढला, आणि गुरूने तो दडपला नाही. शिस्त सफल झाल्याची याहून चांगली खूण सांगता येणार नाही. त्याचबरोबर, एवढ्या मोठ्या समुदायातील उत्कट भावावेगात वेगळे राहू इच्छिणाऱ्या एखादीचे काय झाले असेल, हे त्या जागरणाची वर्णने आपल्याला सांगत नाहीत. ती वर्णने उत्साही साक्षीदारांची आहेत. गप्प राहिलेलीची नोंद त्यांत असण्याचे कारण नव्हते.

रमाबाईंचे शेवटचे मोठे काम म्हणजे मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मुक्तीच्याच छापखान्यात मुलींनी त्याचे खिळे जुळवले. पंडिता आणि सरस्वती या पदव्या संस्कृतच्या बळावर मिळवलेल्या बाईने येथे संस्कृतप्रचुर शब्द दूर ठेवले आणि अल्पशिक्षित स्त्रीला कळेल अशी साधी मराठी पत्करली. वाङ्मयीन दृष्टीने या निवडीची किंमतही मोजावी लागली. जुन्या धर्मकल्पनांचे पडसाद टाळण्याच्या आग्रहामुळे काही ठिकाणी ती मराठी कोरडी आणि मूळ भाषांच्या वाक्यरचनेला चिकटलेली वाटते. स्टीफन्स यांनी जे शब्द मोकळेपणाने घेतले ते रमाबाईंनी जाणीवपूर्वक बाजूला सारले. स्टीफन्स यांना आपला ग्रंथ श्रोत्याच्या ओळखीचा व्हायला हवा होता, रमाबाईंना तो वाचकाला कळायला हवा होता. अर्थ न सांगता वाचलेल्या पुराणांची आठवण ज्या वाचकाच्या मनात आहे त्याला या कोरडेपणामागील कळवळा ओळखू येईल.

६

ओळख आणि आकलन यांचा मेळ नारायण वामन टिळकांच्या अभंगांत साधलेला दिसतो. टिळक ख्रिस्ताकडे आले ते एकट्याने केलेल्या वाचनातून. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचावयास दिला. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे अहमदनगरच्या धर्मशिक्षण-विद्यालयात ते शिकवू लागले. तेथील विद्यार्थ्यांना आणि एकंदर मराठी मंडळ्यांना त्यांनी जे दिले ते मुख्यतः गाणे होते. तोवर मराठी मंडळींत भाषांतरित आणि परकीय चालींवर बेतलेली गीते बरीच होती. टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन प्रार्थनामंदिरात आणले. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते उघडपणे सांगत.

अभंगाचे शैक्षणिक महत्त्व त्याच्या रचनेत आहे. तो लहान असतो, दोनदा ऐकला की पाठ होतो. पण पाठ झाल्यावर जो ‘मी’ उच्चारला जातो तो कवीचा न राहता गाणाऱ्याचा होतो. शेवटच्या चरणातील नाममुद्रा हा कवीचा एवढाच हक्क. धर्मप्रश्नोत्तरीतील उत्तर विद्यार्थी गुरूला देतो. अभंगातील हाक तो थेट देवाला घालतो. गुरूने शब्द द्यावेत आणि स्वतः बाजूला व्हावे, ही प्रार्थनाशिक्षणातील अवघड गोष्ट या छंदाला जन्मतःच साधलेली आहे. टिळकांची अनेक गीते ‘उपासना संगीत’ या संग्रहाद्वारे मराठी मंडळ्यांत गायिली जात राहिली, याचे एक कारण येथे सापडते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही शिष्य म्हणून स्थान दिले. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्याने त्या प्रयोगाला पुरेसा अवधी मिळाला नाही. पण दाराचा प्रश्न त्यांनीही आपल्या परीने सोडवू पाहिला होता.

या कथेतील सर्वांत स्वतंत्र शिष्य मात्र टिळकांच्या घरातच होती. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. पतीच्या धर्मांतराने लक्ष्मीबाईंचे जग कोसळले. त्यांनी आपले सोवळे, वेगळी चूल आणि देव सोडले नाहीत. टिळकांनीही सक्ती केली नाही. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मधल्या पाच वर्षांत त्यांचे शिक्षण कसे झाले याचा त्यांनी दिलेला वृत्तांत प्रवचनांनी भरलेला नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांना एके दिवशी एकांतात पडला. उत्तर मिळाल्यावर कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास त्या तयार झाल्या. आधी आचार पालटला आणि मग सिद्धांत आला. हे सारे त्या हसत सांगतात. स्वतःच्या फजितीसह सांगतात. ज्या साधकाला आपल्या साधनेकडे विनोदाने पाहता येते त्याच्यावर ती बाहेरून लादलेली नाही, असे मानण्यास हरकत नसावी. पुढे टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी हाती घेऊन त्याचा फार मोठा भाग रचला. औपचारिक शिक्षण नसलेल्या या स्त्रीने गुरूचे अर्धवट राहिलेले वाक्य आपल्या ओवीत पुढे नेले.

७

या चार उदाहरणांतून प्रगतीची सरळ रेषा काढण्याचा मोह टाळला पाहिजे. स्टीफन्स यांच्या ग्रंथात शिष्याला प्रश्न आहे पण त्याचे उत्तर आधीच ठरलेले आहे. रमाबाईंच्या पत्रांत न शमणारे प्रश्न आहेत, पण त्यांच्या मुक्तीतील मुलींचे प्रश्न आपल्यापर्यंत पोचत नाहीत. टिळकांच्या अभंगात प्रत्येकाला ‘मी’ म्हणता येते, पण त्या गीतांना इतका पाझर फोडणारी तुकारामाची परंपरा ज्यांच्या कानी नव्हती त्यांच्यापाशी तो तितका पोचला नसावा. लक्ष्मीबाईंजवळ वेळ होता आणि वाट पाहणारा गुरू होता. हे भाग्य प्रत्येक शिष्याच्या वाट्याला येत नाही.

तथापि एक निष्कर्ष काढता येतो. यांतील ज्या कृती आजही जिवंत वाटतात त्यांत शिष्याचा आवाज गुरूच्या आवाजात पूर्णपणे विरलेला नाही. पुराण मागणारा श्रोता, आजीबाईंशी भांडणारी विद्यार्थिनी, आपल्या फजितीवर हसणारी पत्नी यांनी या वाङ्मयाला टिकवले आहे. नित्यनेम, मौन, आत्मपरीक्षण, सामूहिक प्रार्थना ही साधने मूलतः तटस्थ आहेत. त्यांनी माणूस वाढतोही आणि वाकतोही. त्यांतील काय घडले हे ओळखण्यासाठी आत्मिक अनुभवाची मोजमापे साहित्याच्या अभ्यासकाजवळ नाहीत. त्याच्याजवळ फक्त भाषा आहे. शिष्य शेवटी कोणाच्या शब्दांत बोलतो, आणि तो ‘नाही’ म्हणू शकत होता याची एखादी तरी खूण मजकुरात उरली आहे काय, एवढेच तो पाहू शकतो.

प्रार्थनेच्या मराठीचा हा शोध रमाबाई आणि टिळकांबरोबर संपला नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. धर्मगुरूच्या लेखणीला मराठी साहित्यव्यवहाराने दिलेली ही मान्यता उशिरा आली, पण योग्य आली. ख्रिस्ती वाङ्मय म्हणून वेगळ्या कपाटात ठेवलेल्या या ग्रंथांकडे विद्यार्थ्यांनी आता शिक्षणविचाराचे ग्रंथ म्हणूनही पाहावे. देव मानणाऱ्या आणि न मानणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या शिक्षकांना त्यांतून एक जुनी गोष्ट नव्याने कळेल. शिष्याच्या हाती शब्द दिल्यानंतर तो त्या शब्दांत काय म्हणेल हे ठरवण्याचा अधिकार गुरूकडे राहत नाही.